खऱ्या क्रूसाचे तुकडे आणि माझा चुकलेला प्रश्न

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘मध्ययुगीन पवित्र अवशेषांची सत्यासत्यता : एक चिकित्सक अभ्यास’. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट आपल्याकडे कुठल्याही विषयाला लावता येतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. पण गाईडनी ‘सत्यासत्यता’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘खोटे निघाले तर उरलेली दोनशे पाने कशावर लिहिणार?’

तेव्हा मला राग आला होता. चिकित्सा म्हणजे खरं-खोटं तपासणं, नाही का? इतक्या वर्षांत आपण शिकलो ते हेच. आज दोन वर्षांनी वाटतं, त्या एका ओळीनं माझं बरंच काम वाचवलं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या तयारीत आहात किंवा सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून ही पोस्ट. विषय मध्ययुगीन ख्रिस्ती अवशेष-क्रूसांचा आहे. तुमचा विषय ऊसतोडीचा असो की शाहिरी वाङ्मयाचा, हाच खड्डा तुमच्याही वाटेत असण्याची शक्यता मोठी आहे.

आधी शब्द सांगून टाकते. पवित्र अवशेष म्हणजे संतांच्या हाडांचे तुकडे, त्यांचे कपडे, येशूशी किंवा मरियेशी जोडलेल्या वस्तू. हे ज्यात ठेवतात ते अवशेषपात्र. त्या पात्राचा आकारच क्रूसाचा असेल तर तो अवशेष-क्रूस. याचे प्रकार खूप. गळ्यात घालायचे, बोटाएवढे, दोन पोकळ अर्ध्या बाजिग‍ऱ्यांनी जोडलेले ब्राँझचे क्रूस बायझंटाईन साम्राज्यात नवव्या ते बाराव्या शतकांत इतके झाले, की आज बाल्कन देशांतल्या आणि तुर्कस्तानातल्या संग्रहालयांत ते मोठ्या संख्येनं दिसतात. दुसऱ्या टोकाला सोनं, मीनाकाम, रत्नं यांनी मढवलेले, मिरवणुकीत काठीवर धरून न्यायचे मोठे क्रूस. यातल्या अनेकांत ठेवलेला अवशेष एकच असतो, निदान तसा दावा असतो : येशूला ज्या क्रूसावर खिळलं त्या लाकडाची ढलपी. या लाकडाला लॅटिनमध्ये नावच ‘खरा क्रूस’ असं आहे. म्हणजे दावा नावातच घुसलेला. माझ्यासारख्या नवशिक्या संशोधकाला चिथावणी द्यायला एवढं पुरे होतं.

आणि चिथावणी घेणारी मी काही पहिली नव्हे. १५४३ साली जॉन काल्व्हिननं अवशेषांवर एक खरमरीत पुस्तिका लिहिली. त्यातला क्रूसाविषयीचा टोमणा अजून लोक सांगतात : जगभरचे तुकडे गोळा केले तर जहाज भरेल. जवळपास सव्वातीन शतकांनी, १८७० साली, शार्ल रोओ द फ्लरी या फ्रेंच वास्तुविशारदानं याला उत्तर द्यायचं ठरवलं. उत्तर कसं? मोजून. त्यानं माहीत असलेल्या तुकड्यांची मापं गोळा केली आणि बेरीज मांडली : सुमारे ३९ लाख घन मिलिमीटर. त्यानं गृहीत धरलेल्या मापाच्या अख्ख्या क्रूसाचं घनफळ १७ कोटी ८० लाख घन मिलिमीटर. म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांच्या थोडं वर. जहाज सोडा, एक मोठी बरणीही नीट भरणार नाही.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा टाळी वाजवायची बाकी होते. मग हळूहळू लक्षात आलं की या हिशोबानं काहीच सिद्ध होत नाही. तुकडे कमी आहेत म्हणून ते खरे ठरत नाहीत. जास्त असते तरी त्यातला एखादा खरा असू शकला असता. त्याहून मोठी गोष्ट अशी की काल्व्हिन आणि द फ्लरी एकमेकांचे विरोधक असूनही एकाच बाकावर बसलेत. दोघांनाही लाकूड म्हणजे किराणा मालासारखी तोलायची चीज वाटते. ज्या काळाबद्दल आपण बोलतोय त्या काळच्या लोकांना तशी ती वाटत नव्हती. नोला इथला पाउलिनस पाचव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आपल्या मित्राला क्रूसाचा तुकडा पाठवतो आणि पत्रात सांगतो, की जेरुसलेममधलं ते लाकूड रोज तुकडे देत असूनही कमी होत नाही. म्हणजे काल्व्हिनच्या गणिताचं उत्तर काल्व्हिनच्या आधी अकराशे वर्षं देऊन झालं होतं. ते आपल्याला पटणारं नाही, ही गोष्ट वेगळी. पण ते उत्तर अस्तित्वात आहे म्हणजे प्रश्नही कोणीतरी विचारला असणार, एवढं तरी त्यातून कळतं.

दुसरं एक उदाहरण मला फार आवडतं. ३८० च्या दशकात एगेरिया नावाची यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. तिनं गुड फ्रायडेचं वर्णन लिहून ठेवलंय. बिशप बसलेला, लाकडाची दोन्ही टोकं हातानं घट्ट दाबून धरलेली, बाजूला डीकन पहारा देतायत, आणि लोक एकेक करून वाकून लाकडाचं चुंबन घेतायत. पहारा कशासाठी? तर म्हणे एकदा कोणीतरी चुंबन घेता घेता दातानं तुकडा तोडून नेला होता. हे एक वाक्य पुरातन लाकडाच्या दहा परीक्षणांपेक्षा जास्त सांगतं. लाकडाला हात लावायची मुभा कोणाला, ओठ लावायची कोणाला, आणि ते घरी नेण्यासाठी माणूस काय करायला तयार होता, हे सगळं त्यात आहे.

आता एका वस्तूपाशी जरा निवांत थांबू या. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘काँगचा क्रूस’ आहे. मी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. फोटो आणि ग्रिफिन मरे यांचं २०१४ चं पुस्तक, एवढ्याच जोरावर बोलतेय, हे आधीच सांगते. (ज्या वस्तूवर लिहिता ती पाहिली नसेल तर तसं लिहा. व्हायवात कोणीतरी विचारतंच.)

साधारण पाऊण मीटर उंचीचा हा क्रूस. आत ओकचं लाकूड, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पत्रे, पत्र्यांवर गुंतलेल्या प्राण्यांची नक्षी, मध्यभागाजवळ सोन्याचं तारकाम. खाली, जिथे क्रूस काठीवर बसवायचा, तिथे जनावराच्या तोंडानं क्रूसाचा बुंधा जबड्यात पकडलेला. आणि अगदी मध्यावर, दोन दांडे एकमेकांना छेदतात तिथे, एक मोठा स्फटिक. त्या स्फटिकामागे खऱ्या क्रूसाचा तुकडा होता असं अभ्यासक मानतात. आज तिथे तो नाही. कधी गेला, कोणी नेला, पत्ता नाही.

पण क्रूसाच्या कडांवर अक्षरं कोरलेली आहेत, लॅटिन आणि आयरिश अशा दोन भाषांत. लॅटिन ओळीचा आशय असा, की जगाच्या निर्मात्यानं ज्या क्रूसावर यातना सोसल्या तो क्रूस या क्रूसानं झाकलेला आहे. आयरिश ओळी सगळ्या प्रार्थनेच्या विनंत्या आहेत : ज्याच्यासाठी क्रूस घडवला त्या आयर्लंडच्या राजा तोर्देल्बाख ऊआ कोन्खोवारसाठी, दोघा धर्माधिकाऱ्यांसाठी, आणि घडवणाऱ्या कारागिरासाठी, मेल ईसू मॅक ब्रातान. कारागिराचं नाव राजाच्या बरोबरीनं येतं हे लक्षात ठेवा. मध्ययुगीन वस्तूंवर ते नेहमी मिळत नाही.

यात ‘आयर्लंडचा राजा’ या दोन शब्दांवर जरा रेंगाळा. तोर्देल्बाख हा पश्चिमेकडच्या कोनाख्टचा राजा. सगळ्या आयर्लंडवर हक्क सांगणारा, पण तो हक्क मुकाट्यानं मान्य करणारे शेजारी त्याला नव्हते. आयरिश वार्षिक नोंदींत ११२३ साली एक नोंद येते : त्या वर्षी ख्रिस्ताचा क्रूस आयर्लंडात आला, राजानं त्याची देशभर फेरी काढली, त्यातला काही भाग आपल्या देशात ठेवायला मागून घेतला, आणि रॉसकॉमन इथे त्यासाठी पात्र घडवून घेतलं. आता पुन्हा त्या ओळी वाचा. फेरी काढतो तो राजा, मागतो तो राजा, घडवून घेतो तो राजा. आणि मग वस्तूच्या कडेवर, जी मिरवणुकीत लोकांच्या डोक्यावरून जाणार, तिच्यावर कोरलं जातं की हा आयर्लंडचा राजा. ज्या पदावर वाद आहे ते पद अशा जागी लिहिलंय जिथे वाद घालायचा तर क्रूसाशी घालावा लागेल.

हे सगळं मला तुकड्याची सत्यासत्यता तपासून कधी कळलं असतं? तुकडाच नाही तर तपासणार काय? माझ्या जुन्या प्रश्नाला काँगचा क्रूस म्हणजे रिकामी डबी. वस्तू मात्र इतकी बोलकी की तिच्यावर प्रबंध होतो.

पुढची गोष्टही बघा. हा क्रूस शतकानुशतकं काँग या गावात राहिला. १८३९ साली जेम्स मॅकुला या गणितज्ञानं तो गावच्या पाद्र्याकडून १०० गिनींना विकत घेतला आणि रॉयल आयरिश अकॅडमीला दिला. तिथून पुढे राष्ट्रीय संग्रहालयात. गुडघे टेकायची वस्तू काचेच्या कपाटात गेली आणि ‘आयरिश कलेचा नमुना’ झाली. इथे मला संग्रहालयांबद्दल एक तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी अशा वस्तूंच्या पाट्यांवर धातू, तंत्र, शतक, शैली एवढंच असतं. पात्र रिकामं आहे ही गोष्ट बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते, जणू ती किरकोळ गैरसोय आहे. मला वाटतं तीच पाटीवरची पहिली ओळ असायला हवी.

आता टीका एका पुस्तकावर. ते पुस्तक इतकं चांगलं आहे की त्यावर टीका करताना हात थरथरतो. पॅट्रिक गीरी यांचं ‘फुर्ता साक्रा’, म्हणजे ‘पवित्र चोऱ्या’. पहिली आवृत्ती १९७८, सुधारित १९९०. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यानं वाचायलाच हवं. गीरी काय करतात? मध्ययुगात मठवासी लोक दुसऱ्या गावचे अवशेष चोरून आणायचे आणि मग त्या चोरीची कथा अभिमानानं लिहून ठेवायचे. फ्रान्सातल्या काँक मठाची गोष्ट प्रसिद्ध आहे. तिथला एक मठवासी आजाँला गेला, तिथल्या लोकांचा विश्वास मिळवत दहा वर्षं सेवा करत राहिला, आणि एके रात्री संत फोय हिचे अवशेष घेऊन पळाला, असं कथा सांगते. व्हेनिसच्या लोकांनी ८२८ साली अलेक्झांड्रियाहून संत मार्कचा देह आणला, तो मुसलमान पहारेकऱ्यांनी हात लावू नये म्हणून डुकराच्या मांसाखाली दडवून. गीरी म्हणतात, या कथा घडल्या तशा लिहिल्यात की नाही हा मुद्दा दुय्यम. नुसतं हाड स्वतः काहीच सांगत नाही. त्याला पात्र, कागद, परंपरा लागते. नव्या गावी आलं की जुना संदर्भ तुटतो, तेव्हा चोरीची कथा नवा संदर्भ तयार करते. आणि चोरी पाप का नाही? कारण संताची इच्छा होती. संताला यायचं नसतं तर कोणाच्या बापाची हिंमत होती त्याला हलवायची!

प्रश्न कसा फिरवायचा याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ‘चोरी झाली का?’ याऐवजी ‘चोरी झाली असं सांगणं कोणाला, केव्हा उपयोगी होतं?’ हे विचारलं की चाळीस कंटाळवाण्या कथा एकदम जिवंत होतात.

पण हीच चौकट मी क्रूसाच्या लाकडावर ठेवायला गेले आणि ती बसेना. दोन आठवडे मला वाटत होतं की माझंच वाचन कच्चं आहे. मग ध्यानात आलं : गीरींच्या मांडणीचा कणा म्हणजे संताची इच्छा. संत हा माणूस आहे, मेलेला असला तरी हजर आहे, रागावतो, प्रसन्न होतो, गाव बदलतो. लाकडाला असं गाव बदलावंसं वाटत नाही. शिवाय संताचा देह एका ठिकाणी असतो तर दुसरीकडे नसतो, म्हणून तर चोरी. क्रूसाचं लाकूड मात्र तुकडा तोडून देता येतं, आणि देणाऱ्याकडेही ते उरतंच. त्यामुळे त्याच्या बाबतीत चोरीपेक्षा देणगी जास्त महत्त्वाची ठरते. ५६९ साली बायझंटाईन सम्राट दुसऱ्या जस्टिननं पुआतिएच्या मठातल्या राणी रादेगुंदला तुकडा पाठवला. तो आला तेव्हा तिथल्या बिशपनं तो विधिपूर्वक आत घ्यायला नकार दिला. शेवटी तूरच्या बिशपला बोलवावं लागलं. सम्राटानं दिलेलं, राणीनं मागितलेलं, तरी स्थानिक बिशप अडून बसला. इथे भांडण अवशेषाच्या खरेपणावर नाही, तर तो कोणाच्या हातून स्वीकारायचा यावर आहे. ‘फुर्ता साक्रा’ची चौकट इथे फारशी कामाला येत नाही.

तिसरा फरक आकाराचा. हाताच्या आकाराच्या अवशेषपात्रात हाताचंच हाड असतं असं नाही. कॅरोलिन वॉकर बायनम आणि सिंथिया हान यांनी हे नीट दाखवलंय. क्रूसाच्या आकाराच्या पात्रात मात्र क्रूसाचं लाकूड ठेवलं की पेटी आणि आतली वस्तू एकच होतात. काँगच्या लॅटिन ओळीचं कोडं हेच : क्रूसानं क्रूस झाकलाय. आणि म्हणूनच आतला तुकडा हरवला तरी बाहेरचा क्रूस क्रूसच राहतो. हाड गेल्यावर चांदीचा हात नुसता चांदीचा हात होतो. काँगचा क्रूस तुकडा गेल्यावरही पाद्र्यांनी जपून ठेवला, तो का, याचं एक कारण मला इथे दिसतं. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

आता गीरींना न्याय द्यायचा तर एवढं सांगायला हवं, की १९८६ साली त्यांनी एक लेख लिहिला ज्यात देणगी, चोरी आणि विक्री हे तिन्ही मार्ग एकत्र मांडलेत. तो लेख आपल्या मुंबईत जन्मलेल्या अर्जुन अप्पादुराईंनी संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या पुस्तकात आहे. मी १९७८ चं पुस्तक वाचून टीकेचा ड्राफ्ट लिहिला, सेमिनारला वाचला, आणि मागच्या रांगेतून एका सिनिअरनं शांतपणे विचारलं, ‘शहाऐंशीचा लेख पाहिला का?’ पाहिला नव्हता. कोणावर टीका करायची तर त्याचं पुढचं लिखाण आधी वाचा. कान तापतात हो अशा वेळी.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे खरं-खोटं विचारायचंच नाही तर. मीही मधे काही महिने असंच म्हणत होते. हल्ली हीच फॅशन आहे. ‘वस्तूची भौतिकता’, ‘अर्थनिर्मिती’, ‘कर्तेपण’ असे शब्द वापरले की खऱ्या-खोट्याच्या प्रश्नाला जुनाट म्हणून बाजूला करता येतं. पण मग मला गिबेर भेटला.

नोजाँचा गिबेर, उत्तर फ्रान्समधला एका मठाचा प्रमुख. काँगचा क्रूस घडत होता त्याच सुमारास, ११२० च्या आगेमागे, त्यानं अवशेषांवर एक ग्रंथ लिहिला. शेजारच्या स्वासाँच्या मठानं येशूचा दुधाचा दात आपल्याकडे असल्याचा दावा केला, त्याचा त्यानं समाचार घेतलाय. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं डोकं कॉन्स्टँटिनोपलमध्येही आहे आणि आँजेलीमध्येही, मग योहानाला दोन डोकी होती काय, असा त्याचा सवाल. म्हणजे खरं-खोटं विचारणं हा आपला, आधुनिक माणसाचा शोध नाही. तो प्रश्न त्यांचाही होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनं तर नियमच केला : जुने अवशेष पात्राबाहेर काढून दाखवायचे नाहीत, विक्रीला ठेवायचे नाहीत, आणि नवे सापडले तर पोपच्या मान्यतेशिवाय पूजायचे नाहीत. लोक फसत होते, फसवले जात होते आणि चर्चला त्याची काळजी होती, हे त्या नियमातच दिसतं. ‘खरेपणाचा प्रश्न गैरलागू’ असं जाहीर करणारा आजचा अभ्यासक त्या काळच्या माणसांचीच एक काळजी पुसून टाकतो.

अर्थात गिबेरच्या प्रेमात पडू नका. त्याचा ग्रंथ आज एकाच हस्तलिखितात शिल्लक आहे. तो फार वाचला गेल्याची खूण नाही. आपल्याला तो आवडतो कारण तो आपल्यासारखा बोलतो, आणि नेमकं म्हणूनच त्याला ‘मध्ययुगाचा आवाज’ म्हणून उभं करणं धोक्याचं. आपल्या मताशी जुळणारा साक्षीदार भेटला की वकिलाला आनंद व्हावा; संशोधकानं तो साक्षीदार किती जणांच्या वतीनं बोलतोय ते आधी विचारावं.

असाच एक सोयीचा धागा पाठ्यपुस्तकांत सापडतो : १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, पश्चिमेत अवशेषांचा पूर आला, १२१५ ला नियम झाला, आणि मग अवशेष ‘दाखवण्यासाठी’ स्फटिकाच्या खिडक्यांची पात्रं आली. ऐकायला छान. पहिल्या भागाला पुरावेही आहेत. जर्मनीत लिम्बुर्गला असलेली दहाव्या शतकातली भव्य बायझंटाईन क्रूसपेटी त्याच लुटीत हाइनरिख फॉन उल्मेन या सरदारानं नेली आणि एका मठाला दान दिली. पण काँगच्या क्रूसावरचा स्फटिक ११२३ च्या सुमाराचा आहे, नियमाच्या नव्वद वर्षं आधीचा आणि युरोपच्या पार पश्चिम टोकाला. एका वस्तूनं सिद्धान्त पडत नाही, हे मान्य. पण ‘नियम झाला म्हणून खिडकी आली’ हे वाक्य इतक्या सहज लिहिण्याआधी थांबायला हवं.

आता गोव्याकडे येते, कारण माझं खरं काम तिथेच आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात शिराझला ठार मारलं. तिच्या अवशेषांचा काही भाग ऑगस्टिनियन मठवासींनी १६२७ साली गोव्याला आणला आणि जुन्या गोव्यातल्या त्यांच्या मठात ठेवला. मठ पुढे कोसळला. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तिथे हाडं मिळाली आणि हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या डीएनएची तपासणी केली. एका हाडात मातृवंशाचा असा गट मिळाला जो जॉर्जियात आढळतो आणि त्यांनी तपासलेल्या भारतीय नमुन्यांत नव्हता. २०२१ च्या जुलैमध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला.

माझ्या जुन्या सिनॉप्सिसला हे केवढं मोठं यश वाटलं असतं! खरा की खोटा? बहुधा खरा. संपलं. पण नीट पाहिलं तर डीएनए ‘ही केतेवान’ असं म्हणत नाही. ‘हिचा मातृवंश त्या भागातला असू शकतो’ एवढंच म्हणतो. हाडापासून राणीपर्यंतचं उरलेलं अंतर पोर्तुगीज कागदांनी, मठात पेटी कुठे ठेवली होती या वर्णनानं आणि उत्खननाच्या नकाशानं भरून काढलं. म्हणजे पुन्हा पात्र, कागद आणि परंपरा. आणि एकविसाव्या शतकात दोन सरकारांमध्ये अवशेषाची देणगी होते तेव्हा मला त्यात रादेगुंदच्या पुआतिएची आठवण येते. कोण देतं, कोण स्वीकारतं, फोटोत कोण उभं असतं, हे प्रश्न तेच.

एक इशारा मात्र देऊन ठेवते, कारण अलीकडे मी वाचलेल्या तीन सिनॉप्सिसमध्ये हे दिसलं. अवशेष म्हटलं की आपल्याकडे लगेच स्तूप आठवतो आणि ‘तौलनिक अभ्यास’ सुरू होतो. सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक मिळाले, हे मलाही भुरळ घालतं. पण सोपाऱ्याचे करंडक बंद करून जमिनीत पुरलेले, कोणी पाहू नयेत अशा बेतानं. काँगचा क्रूस काठीवर चढवून गावोगाव मिरवलेला, मध्ये स्फटिक लावलेला. ‘दोन्ही अवशेषपूजा’ असं म्हटलं की हा फरकच गायब होतो, आणि तुलनेत तोच तर कामाचा होता.

माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक आता बदललंय. ‘सत्यासत्यता’ गेली, ‘स्वीकार’ आला. गोव्यात आलेला प्रत्येक अवशेष कोणी, कोणत्या कागदाच्या आधारे, कोणासमोर स्वीकारला, असा प्रश्न आहे. ‘खरा का?’ हा उपप्रश्न म्हणून ठेवलाय, पण ‘हे त्या वेळी कोणी विचारलं आणि त्याचं समाधान कशानं झालं?’ या रूपात. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट मात्र समितीनं परत लावायला सांगितलं.